मोडायची जागा

अडीच मीटर पंखविस्ताराचं आणि आठ किलो वजनाचं रेडिओवर चालणारं मॉडेल विमान एकदा दुरुस्त होऊन पुन्हा आदळलं, की त्याचा पंख बरेचदा एका ठरावीक ठिकाणी मोडलेला सापडतो. मागच्या वेळचा सांधा जसाच्या तसा शाबूत असतो. त्या सांध्यावर चढवलेली प्लायवूडची पट्टी जिथे संपते, तिथे तिच्या काठाला अगदी लागून पंखाचा मुख्य वासा, म्हणजे स्पार, तुटलेला असतो. तुटीची रेघही सरळ असते, करवत फिरवावी तशी. एवढं घट्ट बसवलेलं जोडकाम टिकलं याचं समाधान वाटणं साहजिक आहे, पण पंख मोडलाच आणि तो त्या जोडकामामुळेच मोडला, हेही तितकंच खरं आहे. मोठ्या मॉडेल विमानांच्या गेल्या जवळजवळ नव्वद वर्षांत जे सगळ्यात मोलाचं ज्ञान साठलं ते या काठाविषयीचं आहे, आणि ते मोडलेलं विमान जुळवणाऱ्यांच्या टेबलावर साठलं, असं माझं म्हणणं आहे. मजबूत करायचं म्हणजे जाड करायचं, या समजुतीने सुरू झालेली ही हौस पुढे वेगळ्याच प्रश्नाला येऊन भिडली: आदळल्यावर काहीतरी मोडणारच, तर मग ते कुठे मोडावं?

सुरुवातीच्या मॉडेलांना हा प्रश्न पडलाच नाही, कारण ती फार लहान होती. 18 ऑगस्ट 1871 रोजी आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्वीलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं 45 सेंटिमीटर पंखविस्ताराचं विमान उडवलं. ते 11 सेकंद हवेत राहिलं आणि सुमारे 40 मीटर गेलं. असं पिसासारखं हलकं खेळणं गवतावर पडलं तर त्याला काही होत नाही. पेनोच्याच कल्पनेवर बेतलेलं, बूच, बांबू आणि कागद यांचं एक उडतं खेळणं 1878 मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी घरी आणलं. मुलांनी त्याच्या नकला केल्या, मग त्याहून मोठ्या केल्या, आणि आकार वाढवावा तसं खेळणं कमी उडतं असं त्यांच्या लक्षात आलं. दुप्पट मापाच्या यंत्राला आठपट शक्ती लागते हे त्या वयात आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्या भावांनीच पुढे 1908 च्या एका लेखात नोंदवून ठेवलं आहे. मोठ्या मॉडेलाच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ त्या पोरवयातल्या अनुभवात आहे. गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांच्या संदर्भात हाच नियम मांडला होता. माप दुप्पट केलं की पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. मॉडेल विमानाला हा हिशेब लावून पाहा. वजन आठपट आणि पंखाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणून पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार दुप्पट. तो पेलायचा तर उडण्याचा वेग सुमारे 1.4 पट हवा. मग आदळतानाची ऊर्जा होते 16 पट, आणि ती पचवायला लाकूड असतं आठपटच. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला दुप्पट मार येतो. उडतानाही स्पारवरचा ताण दुप्पट असतो. लहान मॉडेलाचा आराखडा नुसता मोठा करून काढला तर जे विमान तयार होतं ते दिसायला तेच असतं, पण अंगाने निम्म्याच ताकदीचं असतं.

मग मोठी मॉडेलं आलीच कशाला? कारण त्या काळचा रेडिओच जड होता. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावचे वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ. वॉल्टर विमानं बांधणारा, विल्यम हौशी रेडिओवाला. त्यांचं ‘गफ’ नावाचं विमान 1937 मध्ये रेडिओच्या इशाऱ्यावर उडालं आणि 1940 ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकलं. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. व्हॅक्यूम ट्यूबचा रेडिओ आणि त्याच्या बॅटऱ्या उचलायच्या तर पंखही तसाच हवा, म्हणून तो होता आठ फुटांचा. पहिल्या पिढीतल्या उडवणाऱ्यांना मोठं विमान बांधायची चैन सुचली नव्हती, रेडिओनेच त्यांच्यावर ती लादली होती. आणि त्या रेडिओचा भरवसा असा, की विमान आदळणं हा उड्डाणाचाच एक भाग होता. डोळ्यांसमोर आणावं ते हे चित्र: नाकाशी इंजिन, मधोमध जड बॅटऱ्या, आणि भोवती बाल्साच्या काड्या आणि रेशमी कापड. विमान नाकावर उतरलं की बॅटऱ्या पुढे धावतात आणि समोरचं सगळं फोडून बाहेर येतात. आधीच्या रबरी इंजिनाच्या मॉडेलांना ही आतून बसणारी धडक माहीतच नव्हती. फ्यूजलाजच्या पुढच्या भागाला, म्हणजे धडाच्या छातीला, दोन्ही बाजूंनी आतून पातळ प्लायवूड चिकटवायची पद्धत जडली ती अशाच धडकांमधून. आज ती पट्टी जवळपास प्रत्येक आराखड्यात छापलेली असते. कधीकाळी ती दुरुस्ती होती हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या हौसेला लष्कराने जवळ केलं तेव्हा दुरुस्ती हा हिशेबाचा भाग झाला. रेजिनल्ड डेनी हा हॉलिवुडमधला इंग्रज नट. त्याने मॉडेल विमानांचं दुकान काढलं, आणि तोफखान्याच्या सरावासाठी उडतं लक्ष्य म्हणून अशी विमानं अमेरिकी सैन्याला विकायचा ध्यास घेतला. त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात अशी जवळपास पंधरा हजार विमानं बनवली. ओक्यू-2 हे त्यांतलं गाजलेलं विमान. बारा फुटांहून थोडा जास्त पंखविस्तार, वजन शंभर पौंडांच्या आसपास. ते गलोलीसारख्या यंत्रावरून सुटायचं, आणि गोळ्यांतून वाचलं तर पॅराशूटने खाली यायचं. त्याच्या काही प्रकारांना चाकं होती, पण ती धावपट्टीवर उतरण्यासाठी नव्हती. पॅराशूटने आपटताना पहिला दणका त्यांनी खावा, एवढंच त्यांचं काम. मला हा तपशील फार बोलका वाटतो. गोळीबारात जायचं म्हणून जन्माला आलेल्या यंत्रातही आधी काय वाकावं आणि त्यामुळे काय वाचावं हे कोणीतरी बसून ठरवलं होतं. चाकाची तार वाकली तर बदलता येते, रेडिओ फुटला तर विमानच गेलं.

हौशी लोकांकडे हाच विचार रबरबँडच्या रूपात होता. 1930 पासून पुढची तीनेक दशकं पंख धडाला जोडायची सर्रास रीत म्हणजे धडातून आरपार घातलेल्या दोन लाकडी दांड्या आणि त्यांवरून पंखाच्या पाठीवर फुलीसारखे ताणलेले रबरबँड. बघणाऱ्याला हा कच्चा कारभार वाटे. पण पंखाचं टोक जमिनीला लागलं की रबर ताणला जायचा, पंख जागचा सरकायचा, उडून बाजूला पडायचा आणि बहुधा अखंड राहायचा. पुढे विमानं जड झाली, रबर पुरेना, आणि पंख पोलादी स्क्रूने आवळायची टूम निघाली. सांधा पक्का झाला आणि त्याबरोबर धडाच्या भिंती फाटू लागल्या, कारण आता पंखाचा धक्का खायला मधे कोणीच उरलं नव्हतं. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे नायलॉनचा बोल्ट. तो उडताना पंख धरून ठेवतो, आणि आडवा दणका बसला की आपणच तुटतो. काही रुपयांचा बोल्ट तुटून काही महिन्यांचं काम वाचतं. मॉडेल विमानांच्या इतिहासात रेडिओच्या शोधांना जेवढी जागा मिळते तेवढीच या बोल्टला मिळायला हवी, असं मी गांभीर्याने म्हणतो.

आता सुरुवातीच्या त्या काठाकडे वळू. मोडलेला स्पार जोडायचा कसा? दोन टोकं सपाट कापून समोरासमोर चिकटवली तर सांधा टिकत नाही. लाकडाचे तंतू म्हणजे उभ्या नळ्या. आडव्या कापलेल्या टोकांनी त्या गोंद पिऊन टाकतात आणि धरून मात्र काहीच ठेवत नाहीत. म्हणून टोकं तिरकस तासायची. पूर्ण आकाराच्या लाकडी विमानांच्या दुरुस्तीत हा उतार किमान 1 ला 10 ठेवतात, 1 ला 12 असेल तर उत्तम. सहा मिलिमीटर जाडीचा स्पार असेल तर 1 ला 12 या हिशेबाने तिरका सांधा 72 मिलिमीटर लांब होतो. चिकटणारी जागा बारापट वाढते, आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे हळूहळू सरकतो. एवढं साधल्यावर वरून पट्टी मारायची गरज बरेचदा उरत नाही. मारलीच, तर तिची दोन्ही टोकं कागदासारखी पातळ होईपर्यंत घासायची. काचतंतूचं कापड लावायचं असेल तर पहिला थर आखूड, दुसरा त्याहून लांब, म्हणजे काठ एकाच रेषेवर येत नाहीत. या सगळ्यामागचं कारण एकच आहे. वाकणाऱ्या पंखात जिथे ताठ भाग एकदम संपतो आणि लवचीक भाग सुरू होतो, तिथे सगळा ताण येऊन साचतो. फाटक्या धोतराला जाडजूड ठिगळ लावणाऱ्या बायकांनाही हे कळत होतं; ठिगळाच्या शिवणीलगतच धोतर पुन्हा फाटतं. ताठपणा हळूहळू ओसरू देणं हेच खरं दुरुस्तीचं कसब, आणि ते रंध्यापेक्षा पॉलिशपेपरने जास्त साधतं. तूट नवी आणि वेडीवाकडी असेल तर तिची किनार मुळीच साफ करायची नाही. मैदानातून एकेक कपचा वेचून आणायचा आणि दातात दात बसवून जुळवायचा, कारण त्या फाटक्या किनारीइतकी मोठी चिकटणारी जागा करवतीने कधीच मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे तर खऱ्या विमानांचंच शास्त्र झालं, मॉडेलवाल्यांनी ते उसनं घेतलं. तिरका सांधा नक्कीच उसना आहे, आणि तोही मुळात जहाजं बांधणाऱ्या सुतारांचा. खुद्द बाल्सालाही मान मिळाला तो मोठ्या विमानात. नोव्हेंबर 1940 मध्ये उडालेल्या डी हॅविलंड मॉस्किटोचं धड बर्चच्या प्लायवूडमध्ये बाल्सा भरून केलेलं होतं. पण माणूस आत बसवून उडणाऱ्या विमानाचा पंख मोडायची जागा ठरवून कोणी बांधत नाही, कारण तो हवेत कधीच मोडू नये हीच तिथली अट असते. राइट बंधूंनी 1903 च्या नोव्हेंबरात प्रोपेलरचे पोकळ दांडे दगा देताच डेटनहून स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव दांडे घडवून आणले. 14 डिसेंबरचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा मोडतोड तीन दिवसांत निस्तरून 17 डिसेंबरला ते उडाले. त्यांचं उत्तर होतं मोडलेला भाग अधिक बळकट करणं, आणि त्यांच्या जागी तेच योग्य होतं. प्रवासी विमानांतही इंजिन पंखाला धरणाऱ्या काही खिळी ठरावीक भाराला तुटाव्यात अशा घडवतात हे मला मान्य आहे. म्हणजे ही कल्पना एकट्या मॉडेलवाल्यांची नाही. पण अख्खी रचना आपटण्याचा विचार करून मांडायची ही रीत मात्र त्यांचीच आहे, कारण वर्षातून चार वेळा आपलं विमान नांगराच्या तासात रुतलेलं पाहणारा दुसरा विमानबांधणारा जगात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो म्हणतो की रीतभात काहीही असो, खरा बदल घडवला तो साहित्याने: इपॉक्सी, झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट, काचतंतू, कार्बन. सायनोअॅक्रिलेट कोडॅक कंपनीने 1958 मध्ये बाजारात आणला आणि पुढे दोन दशकांत तो मॉडेलवाल्यांच्या टेबलावर पोहोचला. ज्या जोडाला रात्रभर चिमट्यात धरावं लागे तो काही सेकंदांत होऊ लागला, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच काळात, 1970 नंतर, मोठ्या मॉडेलांवर लाकूड कापायच्या यंत्रकरवतीची पेट्रोल इंजिनं बसू लागली. त्यांच्या अखंड थरथरीने इंजिन धरणाऱ्या जाड फळीच्या, फायरवॉलच्या, कडा सुटू लागल्या. तिथे नुसता इपॉक्सी ओतणाऱ्यांची फळी पुन्हा निघाली, आतल्या कोपऱ्यांत तिकोनी लाकडं बसवून आणि आडव्या खुंट्या ठोकून बांधणाऱ्यांची टिकली. कार्बनने तर तो जुना काठाचा प्रश्न आणखी तिखट केला. बाल्साहून कितीतरी पट ताठ असलेली कार्बनची पट्टी स्पारवर मधेच संपवली तर काठावरचा ताण प्लायवूडच्या दिवसांपेक्षाही जास्त. साहित्य जितकं बलवान, तितकी त्याची शेवटची दोन इंच जागा नाजूक. नवं साहित्य जुन्या शहाणपणाची जागा घेऊ शकलं नाही. त्या शहाणपणाशिवाय ते घातक मात्र ठरलं.

तिसरं म्हणणं मला सगळ्यात विचार करायला लावतं. सर्वोत्तम विमान ते, ज्यात एकही ग्रॅम जादा नाही. मग दुरुस्ती आणि मजबुती यांचं एवढं कौतुक कशाला? पुरावाही तगडा आहे. मेनार्ड हिल या अमेरिकी अभियंत्याचं बाल्साचं मॉडेल ऑगस्ट 2003 मध्ये न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरहून निघालं आणि अटलांटिक ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. सुमारे 3,030 किलोमीटर, जवळजवळ 39 तास, आणि वजन इंधनासकट पाच किलोच्या आत. हिल तेव्हा 77 वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्या विमानात ठिगळाला जागा नव्हती हे उघड आहे. पण त्याचं नाव होतं टॅम-5. आधीची भावंडं समुद्राला गेली होती, आणि त्यांच्याकडून शिकूनच हे घडलं. शिवाय वजनाचा धाक हाच चांगल्या दुरुस्तीचा गुरू आहे. शेपटीजवळ 30 ग्रॅमची पट्टी चढवली, आणि शेपटीचं अंतर गुरुत्वमध्यापासून नाकाच्या तिप्पट असलं, तर तोल सावरायला नाकात 90 ग्रॅम शिसं घालावं लागतं. एका पट्टीची किंमत 120 ग्रॅम. ज्याने हे एकदा तराजूवर पाहिलं तो शेपटीत लाकूड घालण्याआधी दहादा विचार करतो, आणि जाडीऐवजी रचनेत बळ शोधतो: दोन स्पारांच्या मधे उभ्या तंतूंची पातळ फळी, पंखाच्या पुढच्या कडेला पातळ बाल्साचं वेष्टण, सांध्याच्या कोपऱ्यात नखाएवढा त्रिकोण.

आपल्याकडे ही हौस मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती एनसीसीच्या हवाई शाखेतून, जिथे एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे. बाल्सा इक्वेडोरहून यायचा, महाग आणि दुर्मीळ, त्यामुळे इथे तुकडाही टाकून द्यायची सोय नव्हती. अलीकडच्या वर्षांत पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी बाल्साला प्रचंड मागणी आली आणि हा प्रश्न जगभरचा झाला. गंमत अशी, की माघ-फाल्गुनात सह्याद्रीत लालभडक फुलणारी आपली काटेसावर ही बाल्साच्याच कुळातली. तिचं लाकूड काड्यापेटीच्या काड्यांना आणि खोक्यांना चालतं, पण ते बाल्सापेक्षा बरंच जड, म्हणून विमानात बसत नाही. मॉडेलांच्या छोट्या ग्लो इंजिनाच्या इंधनात मिसळतात ते एरंडेल मात्र आपल्या चांगल्या ओळखीचं. वर्षानुवर्षं एरंडेल प्यालेला फ्यूजलाजचा पुढचा भाग दुरुस्त करणं हे या कामातलं सगळ्यात चिकाटीचं प्रकरण आहे. तेलकट लाकूड कुठलाच गोंद धरत नाही. अॅसिटोनने पुसायचं, वर पिठीसारखी पूड थापायची, उष्णता देऊन तेल त्या पुडीत ओढून घ्यायचं, आणि हे लाकूड पुन्हा फिकट दिसेपर्यंत करत राहायचं. घाई केलेला जोड पहिल्याच दणक्याला सुटतो, आणि मग गोंदाला दोष लागतो.

आता तयार फोमची विमानं मिळतात, मोडली की नवी घ्यावीत, मग ही विद्या जुनीच झाली असंही कोणी म्हणेल. एक किलोच्या फोमच्या विमानापुरतं ते मान्य करू. पण भारताच्या 2021 च्या ड्रोन नियमांनी मॉडेल म्हणून धरलेली मर्यादा 25 किलो आहे, अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांची 55 पौंडांची मर्यादाही जवळपास तितकीच, आणि ब्रिटनमध्ये त्यावरच्या वजनाची मॉडेलंही बांधणीच्या टप्प्यांवर निरीक्षकाला दाखवून उडवली जातात. एवढं वजन ताशी शंभर किलोमीटरने माणसांच्या वस्तीजवळ उडत असेल तर त्याच्या आतल्या प्रत्येक जुन्या जोडाचा हिशेब कोणाला तरी ठाऊक असलाच पाहिजे. म्हणून दुरुस्तीनंतर विमान थेट मैदानावर नेत नाहीत. आधी दोघांनी दोन्ही पंखांची टोकं धरून ते उचलायचं. टोकांवर तोललेल्या विमानात पंखाच्या मध्यावर येणारा ताण सरळ उड्डाणातल्या ताणाच्या साधारण दुप्पट असतो. कसरती करायच्या असतील तर एवढ्यावर भागत नाही. पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या मांडतात. आठ किलोच्या विमानाला सहापट भार द्यायचा म्हणजे सुमारे 48 किलो, आणि पिशव्या मधोमध रचायच्या नाहीत, टोकापर्यंत पसरायच्या. एकेक पिशवी हलकेच ठेवली जाते. पंख थोडा थोडा वाकतो, आणि कान लावलेला असतो तो नव्या सांध्याच्या शेजारच्या जुन्या लाकडाकडे.